मनाची जखम आणि नात्याचे औषध

पायात काटा मोडला तर आपण तो लगेच काढतो. दोन दिवस ताप उतरला नाही तर डॉक्टरांची पायरी चढतो. पण नवरा-बायकोत सहा महिने धड बोलणे नाही, तरुण मुलगा जेवणाचे ताट घेऊन खोलीत जातो तो बाहेरच येत नाही, वडील गेल्यापासून आईचे कशातच लक्ष नाही, अशा वेळी मात्र आपण म्हणतो, ‘घरोघरी मातीच्या चुली. होईल हळूहळू ठीक.’ काही वेळा ते खरेच होते. पण काही वेळा जखम वरून भरल्यासारखी दिसते आणि आत पू साठत राहतो. मग झोप उडते, छातीत धडधड होते, डोके दुखते, आम्लपित्त वाढते. रक्त-लघवी तपासून होते, हृदयाचा आलेख काढून होतो. सगळे अहवाल ‘नॉर्मल’ येतात आणि दुखणे जिथल्या तिथे राहते.

अशा दुखण्याचे मूळ पुष्कळदा नात्यात असते, आणि त्यावरचा इलाजही नात्यातूनच करता येतो. या विचारावर उभ्या असलेल्या मानसोपचाराची ओळख आज करून घेऊ. सोयीसाठी त्याला ‘नातेकेंद्री उपचार’ असे नाव देऊ.

नातेकेंद्री उपचार म्हणजे काय?

मानसोपचार म्हटले की गोळ्या, इंजेक्शने किंवा विजेचे झटके एवढेच अनेकांच्या डोळ्यांसमोर येते. पण बोलण्यातून, संवादातून केले जाणारे उपचारही मानसोपचारच आहेत. त्यांच्याही अनेक पद्धती आहेत. काही पद्धतींत माणसाच्या विचारांवर काम होते, काहींत सवयींवर. नातेकेंद्री उपचारात उपचारक वेगळा प्रश्न विचारतो. ‘या माणसाला काय झाले आहे?’ याच्या जोडीने ‘या माणसाचे त्याच्या जवळच्या माणसांशी काय चालले आहे?’ हेही तो पाहतो.

या छत्राखाली चार-पाच पद्धती येतात. पती-पत्नी दोघांना समोर बसवून केला जाणारा दांपत्य उपचार. सगळ्या घराला सामावून घेणारा कुटुंबोपचार. एकट्या रुग्णाशी बोलून त्याच्या नात्यांतील गाठी सोडवणारा आंतरवैयक्तिक उपचार. समदुःखी माणसांचे गट. आणि या सगळ्यांच्या मुळाशी असलेले रुग्ण व उपचारक यांचे विश्वासाचे नाते.

मन नात्याशी एवढे का बांधलेले असते?

इंग्लंडमधील मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर आई-वडिलांपासून दुरावलेल्या मुलांचा अभ्यास केला. १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा अहवाल प्रसिद्ध केला. मुलाला अन्न, वस्त्र, निवारा मिळाला तरी मायेने जवळ घेणारे कायमचे माणूस मिळाले नाही तर त्याच्या मनाची वाढ खुरटते, असे त्यांनी मांडले. पुढे अमेरिकेत हॅरी हार्लो यांनी माकडाच्या पिलांवर प्रयोग केले. पिलांसमोर दोन खोट्या ‘आया’ ठेवल्या. एक तारेची, तिच्याकडे दुधाची बाटली. दुसरी मऊ कापडाची, पण रिकामी. पिले दूध प्यायला तारेच्या आईकडे जात आणि बाकी सारा वेळ कापडाच्या आईला बिलगून राहत. घाबरली की तिच्याकडेच धाव घेत. पोटाची भूक आणि जवळिकीची भूक या दोन वेगळ्या भुका आहेत, हे यातून दिसले.

ही दुसरी भूक मोठेपणी संपत नाही. २००६ साली अमेरिकेतील जेम्स कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १६ विवाहित स्त्रियांवर एक प्रयोग केला. मेंदूचे चित्र घेणाऱ्या यंत्रात त्यांना झोपवून ‘आता पायाला सौम्य विजेचा झटका बसू शकतो’ अशी सूचना देण्यात आली. एकट्या असताना, अनोळखी माणसाचा हात धरलेला असताना आणि पतीचा हात धरलेला असताना मेंदूत काय घडते ते पाहण्यात आले. हातात पतीचा हात होता तेव्हा मेंदूतील धोक्याची खळबळ सर्वांत कमी होती. आणि ज्यांचा संसार सुखाचा होता त्यांना हा दिलासा अधिक मिळाला. अभ्यास लहान आहे, पण आपल्या अनुभवाला तो पुष्टी देतो. आजारपणात उशाशी बसलेल्या माणसाचा हात हा नुसता हात नसतो.

याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी लागते. ज्या नात्यातून एवढा आधार मिळतो तेच नाते धोक्यात आले की मेंदू त्याला संकट मानतो. म्हणून बाहेरच्या माणसाने शिवी दिली तरी आपण विसरतो आणि घरच्या माणसाचा एक टोमणा वीस वर्षे लक्षात राहतो.

पवईतले एक घर

आता एक उदाहरण पाहू. हे कोणा एका घराचे नाही. अनेक घरांत आढळणाऱ्या गोष्टी एकत्र करून ते रचले आहे.

मुंबईच्या उपनगरातील पवई आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असते ती आयआयटीमुळे. मुंबईला पाणी मिळावे म्हणून १८९१ मध्ये बांधलेला तलाव, त्याच्या काठाला असलेली, १९५८ मध्ये स्थापन झालेली ही संस्था, आणि अलीकडच्या काही दशकांत डोंगराच्या कुशीत उभ्या राहिलेल्या उंच इमारती. या इमारतींत आणि आसपासच्या चाळींत, वस्त्यांत महाराष्ट्राच्या प्रत्येक जिल्ह्यातून आलेली माणसे राहतात. आपल्या गावातील कोणाचा ना कोणाचा मुलगा, सून, भाचा तेथे असतोच.

समजा, तो साताऱ्याकडचा, ती जळगावची. दोघे नोकरी करतात. तो संगणक कंपनीत, ती वांद्रे-कुर्ला संकुलातील बँकेत. जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावरच्या वाहनांच्या रांगेत दोघांचे रोजचे दोन-अडीच तास जातात. तीन वर्षांपूर्वी चौथ्या महिन्यात तिचा गर्भपात झाला. त्या संध्याकाळी तो तिला रुग्णालयात घेऊन गेला, कागदपत्रे केली, पैसे भरले आणि परदेशातील साहेबांचा फोन आला म्हणून बाहेर गेला तो दीड तासाने परतला. नंतर तो विषय घरात पुन्हा निघाला नाही. सासूबाई म्हणाल्या, ‘देवाची इच्छा.’ माहेरची माणसे म्हणाली, ‘तरुण आहात, पुन्हा होईल.’

आज त्यांच्या घरात भांडण होते ते ओल्या टॉवेलवरून, गॅसच्या बिलावरून, गावी दिवाळीला कोणाच्या घरी जायचे यावरून. ती म्हणते, ‘तुला कशाचेच काही वाटत नाही.’ तो गप्प बसतो. तो गप्प बसला की तिचा आवाज चढतो. आवाज चढला की तो मोबाईल घेऊन गॅलरीत जातो. तो गॅलरीत गेला की तिला वाटते, ‘पाहा, पुन्हा मला टाकून गेला.’ आणि त्याला वाटते, ‘काहीही केले तरी मी चुकीचाच.’ तिला रात्री झोप लागत नाही. त्याला आम्लपित्ताच्या गोळ्या सुरू झाल्या आहेत.

येथे दोषी कोण? नातेवाईक दोन पक्षांत वाटले जातील. तज्ज्ञ मात्र सांगतील की तिचे ओरडणे आणि त्याचे गप्प बसणे ही एकाच चाकाची दोन टोके आहेत. ती जितकी पाठलाग करते तितका तो माघार घेतो, आणि तो जितकी माघार घेतो तितकी ती पाठलाग करते. एक शब्द दुसऱ्या शब्दाला वाढवतो, हे आपल्याला माहीत असते. पण एका माणसाचे मौनही दुसऱ्याचा शब्द वाढवते, हे आपल्या ध्यानात येत नाही. या जोडप्याचा शत्रू त्यांच्यापैकी कोणी नाही. ते दुष्टचक्र हा त्या दोघांचा समाईक शत्रू आहे.

उपचार कसा चालतो?

अशा जोडप्यांसाठी १९८० च्या दशकात कॅनडामध्ये सू जॉन्सन आणि लेस्ली ग्रीनबर्ग यांनी भावनाकेंद्री उपचार नावाची पद्धत विकसित केली. साधारण आठ ते वीस बैठका होतात. एक बैठक तासा-दीड तासाची असते. उपचाराचे तीन टप्पे असतात.

पहिल्या टप्प्यात आग शांत केली जाते. भांडण टॉवेलवरून झाले की बिलावरून, याच्या खोलात उपचारक जात नाही. भांडण कसे सुरू होते, कसे चढते, कोण कोठे थांबते याचा नकाशा तो दोघांसमोर मांडतो. ‘आपण दोघेही या चक्रात सापडलो आहोत’ हे उमगले की निम्मा राग ओसरतो.

दुसरा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत अवघड. रागाच्या खाली काय दडले आहे ते येथे हळूहळू वर येते. आपल्या उदाहरणातील ती सांगते, ‘त्या संध्याकाळी मला वाटले, मी मेले तरी कोणी शेजारी नसेल. तेव्हापासून मी रोज तपासून पाहते, तू आहेस की नाहीस.’ आणि तो, ज्याला काही वाटत नाही असे सारे म्हणत होते, तो पहिल्यांदाच सांगतो की फोन दहा मिनिटांत संपला होता. उरलेला वेळ तो खाली वाहनतळावर एकटा रडत होता. पुरुषाने रडायचे नसते हे त्याला घरातून शिकवलेले. आपण रडलो तर तिला कोण सांभाळणार, या भीतीने तो डोळे धुऊन वर गेला. तीन वर्षे दोघेही एकाच बाळासाठी रडत होते, पण वेगवेगळ्या खोल्यांत.

हे ऐकल्यावर तिला जे वाटते ते शंभर वेळा मागितलेल्या ‘सॉरी’ने वाटले नसते. ‘मी तेथे असायला हवे होते, तू एकटी पडलीस,’ हे त्याने तिच्याकडे पाहून म्हणणे आणि ते तिने ऐकून घेणे, येथे जखम भरायला खरी सुरुवात होते. याला नुसते मन मोकळे करणे म्हणत नाहीत. मन मोकळे तर मैत्रिणीजवळही करता येते. ज्या नात्यात जखम झाली त्याच नात्यात आधाराचा नवा अनुभव मिळणे, हे या उपचाराचे मर्म आहे.

तिसऱ्या टप्प्यात जुने व्यावहारिक प्रश्न पुन्हा समोर घेतले जातात. दिवाळी कोठे, खर्च कसा, सासूबाई किती दिवस राहणार. प्रश्न तेच असतात, पण आता ते सोडवणारी माणसे एकमेकांच्या बाजूला बसलेली असतात.

सगळीच जोडपी या वाटेने सुखरूप पलीकडे जातात असे नाही. काहींना वेगळे होणेच योग्य वाटते. तेव्हाही मुलांना भांडणात न ओढता, एकमेकांची धूळधाण न करता वेगळे होता यावे, यासाठी या उपचाराचा उपयोग होतो.

एकट्याने गेले तर चालते का?

पुष्कळदा घरातील दुसरे माणूस यायला तयार नसते. ‘मला काही झालेले नाही, तूच जा,’ असे उत्तर मिळते. अशा वेळी एकट्यानेही उपचार घेता येतो. अमेरिकेत जेराल्ड क्लर्मन आणि मर्ना वाइसमन यांनी १९७० च्या दशकात नैराश्यासाठी तयार केलेला आंतरवैयक्तिक उपचार याच प्रकारचा आहे. तो साधारण बारा ते सोळा आठवडे चालतो. उदासीचे मूळ चारपैकी कोणत्या कप्प्यात आहे हे प्रथम शोधले जाते. जवळच्या माणसाचा मृत्यू आणि न संपलेला शोक. कोणाशी तरी चाललेला संघर्ष. आयुष्यातील मोठा बदल, उदाहरणार्थ लग्न, बाळंतपण, निवृत्ती किंवा गाव सोडणे. आणि चौथा, मुळातच माणसे जोडता न येणे, एकाकीपण.

यातील तिसरा कप्पा आपल्या वाचकांच्या ओळखीचा असेल. नातवंडाला सांभाळायला म्हणून गावाकडचे आजी-आजोबा पवईच्या चौदाव्या मजल्यावर जातात. गावात पारावर बसणारा, चार माणसांना सल्ला देणारा माणूस तेथे उद्वाहनाची वाट पाहत उभा राहतो आणि शेजारच्या दारावरची पाटी वाचतो. महिन्याभरात त्याचे जेवण कमी होते, चिडचिड वाढते. मुलगा त्याला हृदयरोगतज्ज्ञाकडे नेतो. अशा आजोबांचे दुखणे ‘भूमिका बदलली’ हे असू शकते. गमावलेल्या गोष्टींबद्दल बोलू देणे, नव्या जागी त्यांना एखादे काम व चार सोबती मिळवून देणे, ही उपचाराचीच पावले आहेत.

गोव्याने दाखवलेली वाट

‘हे सारे मुंबई-पुण्याच्या लोकांसाठी. आमच्या तालुक्यात एवढे तज्ज्ञ कोठे आहेत?’ ही शंका रास्त आहे. तिचे एक उत्तर शेजारच्या गोव्यातून मिळाले. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेने डॉ. विक्रम पटेल यांच्या नेतृत्वाखाली ‘मानस’ नावाचा मोठा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २०१० साली ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. बारा सरकारी आणि बारा खासगी अशा चोवीस दवाखान्यांत येणाऱ्या, नैराश्य आणि चिंतेने त्रस्त असलेल्या २,७०० हून अधिक रुग्णांचा त्यात समावेश होता. वैद्यकीय शिक्षण नसलेल्या स्थानिक व्यक्तींना खास प्रशिक्षण देऊन समुपदेशक म्हणून नेमण्यात आले. रुग्णाला आजार समजावून सांगणे, त्याच्या संपर्कात राहणे आणि त्रास अधिक असेल तर औषधे किंवा आंतरवैयक्तिक उपचार देणे, असा तो एकत्रित कार्यक्रम होता. डॉक्टर आणि मानसोपचारतज्ज्ञ त्यांच्या पाठीशी होते.

सहा महिन्यांनी पाहिले तेव्हा सरकारी दवाखान्यांत ही मदत मिळालेल्यांपैकी सुमारे ६६ टक्के रुग्ण बरे झालेले होते. नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण सुमारे ४२ टक्के होते. खासगी दवाखान्यांत मात्र दोन्ही गटांत फरक दिसला नाही. तेथील डॉक्टर मुळातच रुग्णाला वेळ देत आणि ओळखीचे असत, हे त्याचे एक कारण असू शकते. तसे असेल तर तेही नात्याचेच महत्त्व सांगते. या यशाचे श्रेय एकट्या बोलण्याच्या उपचाराला देता येणार नाही, ते साऱ्या कार्यक्रमाचे आहे. पण नीट शिकवलेला, मायेने ऐकणारा आपल्याच गावातला माणूस तज्ज्ञांच्या देखरेखीखाली किती काम करू शकतो, हे त्यातून जगाला कळले.

कुटुंबाला आत घेणारी रुग्णालये

या बाबतीत आपल्या देशाची परंपरा अभिमान वाटावा अशी आहे. एके काळी मनोरुग्णालय म्हणजे उंच भिंती आणि कुलपे. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहू दिले. नातेवाईक रुग्णाची सेवा करू लागले, आजार समजून घेऊ लागले आणि रुग्ण लवकर घरी परतू लागले. त्याच दशकात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनेही कुटुंबाला सोबत ठेवून उपचार सुरू केले.

घरातील वातावरणाचा आजारावर किती परिणाम होतो याचे मोजमापही झाले आहे. १९७२ मध्ये लंडनमधील एका अभ्यासात दिसले की स्किझोफ्रेनिया या आजारातून सावरलेला रुग्ण सतत टीका करणाऱ्या, हिडीसफिडीस करणाऱ्या किंवा क्षणभरही मोकळा न सोडणाऱ्या घरात परतला तर आजार उलटण्याचा धोका वाढतो. १९८७ मध्ये चंदीगडच्या अभ्यासात आपल्याकडील घरांत अशी टीका लंडनच्या मानाने कमी आढळली. म्हणजे आजार घरच्यांमुळे होतो असे नव्हे. तो मेंदूचा आजार आहे आणि त्याला औषधे लागतातच. पण औषध टिकायला घराची हवा लागते.

महाराष्ट्रात याचे ठळक उदाहरण म्हणजे पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र. १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ते सुरू केले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांची त्याला मदत होती. व्यसन एका माणसाला लागते, पण आजारी सारे घर पडते, हे तेथे आरंभापासून ओळखले गेले. वर्षानुवर्षे खोटे बोलणे, उधाऱ्या आणि मारहाण सोसलेल्या पत्नीच्या मनातील भीती नवऱ्याची दारू सुटली म्हणून सुटत नाही. तो अर्धा तास उशिरा आला तरी तिचा जीव खालीवर होतो. तिला नवऱ्याच्या तोंडाचा वास घ्यावासा वाटतो आणि त्याला तो अपमान वाटतो. म्हणून पत्नींसाठी आणि कुटुंबीयांसाठी तेथे वेगळे काम चालते. आपल्यासारखेच भोगलेल्या दहा बाया भोवती बसल्या की ‘माझेच नशीब फुटके’ ही भावना जाते, आणि बोलायला बळ येते.

मराठी चित्रपटानेही हा विषय हाताळला आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ या चित्रपटात नैराश्याने खचलेला तरुण आणि त्याला घरात आसरा देणारी परकी स्त्री यांची गोष्ट आहे. प्रश्नांचा भडिमार न करता, घाई न करता दिलेली सोबत काय करू शकते ते त्यात दिसते. २०१६ सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक त्याला मिळाले.

उपचारकाशी जडलेले नाते

ज्याला लहानपणापासून प्रेमाचे माणूसच मिळाले नाही, किंवा विश्वास टाकला तेथे दगा मिळाला, त्याने काय करायचे? त्याच्यासाठी उपचारकाशी होणारे नाते हेच औषधाचा मोठा भाग असते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७ मध्ये मांडले की रुग्णाला अटी न घालता स्वीकारणे, त्याच्या जागी जाऊन समजून घेणे आणि स्वतः खरे असणे, या गोष्टी बदलाला आवश्यक आहेत. त्यानंतरच्या अनेक अभ्यासांत, उपचाराची पद्धत कोणतीही असो, रुग्ण व उपचारक यांचे नाते जुळले तर गुण येण्याची शक्यता वाढते, असे दिसून आले आहे.

हे नाते मैत्रीचे नसते, हे मात्र पक्के लक्षात ठेवा. त्याला वेळेची, फीची आणि गुप्ततेची मर्यादा असते. जो उपचारक तुमच्याशी आर्थिक व्यवहार करतो, शारीरिक जवळीक साधू पाहतो किंवा ‘घरच्यांना सोडा, मी सांगतो तेच करा’ म्हणतो, त्याच्यापासून ताबडतोब दूर व्हा.

कोठे सावध राहावे?

घरात मारहाण होत असेल, धमक्या असतील तर दोघांना एकत्र बसवून केलेला उपचार धोक्याचा ठरू शकतो. बैठकीत खरे बोललेल्या स्त्रीला घरी गेल्यावर त्याची किंमत मोजावी लागते. अशा वेळी आधी सुरक्षितता, मग बाकीचे. ‘थोडे सोसायला हवे’ हा सल्ला येथे देऊ नये. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा २००५ चा कायदा शारीरिक छळाप्रमाणे मानसिक छळालाही लागू आहे. जिल्ह्यातील संरक्षण अधिकाऱ्याकडे, महिलांसाठीच्या १८१ या क्रमांकावर किंवा तातडीच्या वेळी ११२ वर मदत मागता येते.

दुसरे, भास होणे, विनाकारण संशय, अतिउत्साहाचे झटके, तीव्र नैराश्य अशा लक्षणांत आधी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. औषधे मनाने बंद करू नयेत. आणि कोणी मरणाची भाषा बोलू लागले तर ‘नाटक आहे’ म्हणून सोडून देऊ नये. त्याला एकटे ठेवू नये, कीटकनाशके व औषधे हाताशी राहू देऊ नयेत आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

वाचकांच्या नेहमीच्या शंका

समुपदेशक म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्यांसारखाच ना? वडीलधारे प्रेमापोटी मध्यस्थी करतात, पण ते कोणा एका बाजूचे असतात आणि निकाल देतात. समुपदेशक निकाल देत नाही. शिवाय त्याच्याकडे बोललेले गावभर होत नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार गुप्तता हा रुग्णाचा हक्क आहे.

जुन्या गोष्टी उकरून काय फायदा? झाकली मूठ सव्वा लाखाची, हे व्यवहारात ठीक. पण जी गोष्ट रोजच्या भांडणातून डोके वर काढते ती झाकलेली नसतेच. योग्य माणसाच्या साक्षीने एकदा नीट बोलून झाले की ती उकरावी लागत नाही.

किती दिवसांत गुण येतो? काहींना सहा-आठ बैठकांत फरक जाणवतो, लहानपणापासूनच्या जखमांना वर्ष-दोन वर्षेही लागतात. सुरुवातीला जुने दुःख वर आल्याने त्रास वाढल्यासारखा वाटतो. तो उपचारकाला सांगावा. आठ-दहा बैठकांनंतरही काहीच हालचाल नसेल तर उपचारक किंवा पद्धत बदलण्याचा विचार करावा.

घरच्या घरी काय करता येईल?

दिवसातून पंधरा मिनिटे मोबाईल आणि दूरदर्शन संच बंद ठेवून एकमेकांशी बोला. त्या वेळात पैसे, मुलांचा अभ्यास आणि नातेवाइकांच्या तक्रारी हे तीन विषय नकोत.

‘तू नेहमी असाच’ याऐवजी ‘तू उशीर केलास की मला काळजी वाटते’ असे म्हणून पाहा. पहिल्या वाक्याला उत्तर द्यावेसे वाटते, दुसरे ऐकावेसे वाटते.

राग अनावर झाला तर थांबा, पण न सांगता उठून जाऊ नका. ‘अर्धा तास बाहेर जाऊन येतो, मग बोलू’ असे सांगा आणि अर्ध्या तासाने खरोखर या.

दुःखातल्या माणसाला लगेच उपाय सुचवू नका. ‘मग काय झाले?’ एवढे विचारून ऐकत राहा.

भांड्याला भांडे लागतेच. भांडण झाले याची लाज नको. भांडणानंतर पहिला हात कोण पुढे करतो आणि दुसरा तो कसा घेतो, यावर नात्याची प्रकृती ठरते.

मदत कोठे मिळेल?

जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाची चौकशी करा. मुंबईत केईएम, शीव आणि नायर या महापालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. ठाण्यात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी सुरू केलेली ‘आयपीएच’ ही संस्था समुपदेशनाचे काम करते. पवईच्या आयआयटीत विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र समुपदेशनाची सोय आहे. मुलगा वा मुलगी तेथे शिकत असेल तर हे त्यांच्या कानावर घालून ठेवा. प्रकरण कौटुंबिक न्यायालयात गेले असेल तर तेथेही १९८४ च्या कायद्यानुसार विवाह समुपदेशकांची मदत मिळते. प्रवास शक्य नसेल तर केंद्र शासनाची १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ‘टेलि-मानस’ ही सेवा आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य, मराठीतून बोलता येते.

खासगी उपचारकाकडे जाताना त्याचे शिक्षण विचारायला संकोचू नका. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते. मानसोपचारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर त्या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो. फी, बैठकांची संख्या आणि गुप्तता यांविषयी पहिल्याच भेटीत स्पष्ट बोलून घ्या.

मनाच्या बहुतेक जखमा माणसांमुळे होतात, आणि त्या भरून यायलाही माणूसच लागतो. घरात कोणी अनेक दिवस गप्प असेल तर आज त्याच्याजवळ बसा. आपल्याने होत नसेल तर योग्य माणसाकडे घेऊन जा. त्यात कमीपणा नाही.